घरच्या संगणकाचा केरवारा

दिवाळी तोंडावर आली कीं घरोघर आवराआवरीस आरंभ होतो. माळ्यावरचे डबे खालीं येतात, फडताळांतील कागदपत्रांस ऊन दाखविलें जातें, आणि वर्षभर जी वस्तु कोणाच्याही डोळ्यांस खुपली नव्हती ती एकाएकीं अडगळ ठरते. या कामास आपल्याकडे केवढा मान आहे, हें लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहण्याच्या चालीवरूनच ध्यानांत येतें. तथापि केरसुणी ज्याच्या हातीं असते त्याला डोळेही उघडे ठेवावे लागतात. केराबरोबर सोन्याचा मणी गेल्याची एखादी तरी हकीकत प्रत्येक घराण्यांत सांगितली जातेच.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या घरांतून एक नवें कोठार येऊन बसलें आहे. टेबलावरचा संगणक हें तें कोठार होय. एकत्र कुटुंबांत जशी चूल एक, तसा हा संगणकही बहुधा एकच असतो. वडील मंडळींचे निवृत्तिवेतनाचे हिशेब, सुनांचीं कचेरीचीं कामें, मुलांचा अभ्यास, मुंजी-लग्नांतील छायाचित्रें, गांवच्या जमिनीचे सातबारा उतारे, जन्मपत्रिका, आरत्यांचीं ध्वनिमुद्रणें आणि रोज सकाळीं दाही दिशांनीं येणारीं सुप्रभाताचीं चित्रें, हें सारें एकाच पेटींत राहतें. या कोठाराची मौज अशी कीं, त्यांतील अडगळ डोळ्यांस दिसत नाहीं. तिच्यावर धूळ बसत नाहीं, तिला वाळवी लागत नाहीं, आणि भरलेला संगणक रिकाम्या संगणकाहून गुंजभरही जड लागत नाहीं. म्हणून ती वर्षानुवर्षें सांचत जाते. मग एके दिवशीं पडद्यावर जागा संपत आल्याची सूचना झळकते, यंत्र रेंगाळूं लागतें, आणि घरांतील कोणी तरी बाह्या सरसावून बसतो.

असा बाह्या सरसावण्याचा प्रसंग आमच्याही घरीं आला होता. त्यांत जें घडलें तें वाचकांस सांगण्यासारखें आहे. कारण दोष यंत्राचा नव्हता, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याच्यापेक्षां आमचाच वांटा तींत मोठा होता.

तिसरा फोल्डर

आमच्या घरीं लहानमोठीं अकरा माणसें. आमच्या मातोश्रींची स्मरणशक्ति ८४ व्या वर्षींही तल्लख होती. घराण्यांतील कोणाचें माहेर कोठलें, कोणत्या लग्नांत कोण रुसलें होतें, गौरीच्या नैवेद्यास कोणकोणत्या भाज्या लागतात, मंगळागौरीचीं गाणीं, जात्यावरच्या ओव्या, हें सर्व त्यांच्या मुखीं होतें. आमच्या वहिनींनीं एका हिवाळ्यांत दुपारच्या वेळीं त्यांच्यापाशीं बसून तें सारें फोनवर ध्वनिमुद्रित केलें. एकंदर २३ ध्वनिमुद्रणें झालीं. फोनमध्यें जागा पुरेना, म्हणून तीं संगणकांत आणून ठेविलीं. ठेवतांना संगणकानें आपण होऊन फोल्डरास जें 'न्यू फोल्डर' आणि पुढें तीनचा आंकडा असें नांव दिलें, तेंच राहूं दिलें गेलें. आंतील फायलींनाही फोननें घातलेले नुसते आंकडेच होते. पुढें कधीं तरी सवडीनें नीट नांवें देऊं, असें वहिनींच्या मनांत होतें. ती सवड आली नाहीं. पुढच्या श्रावणांत मातोश्री गेल्या.

त्याच वर्षीं दिवाळीच्या आधीं संगणक कुरकुरूं लागला. आम्हांस कराचे कागद पाठवावयाचे होते आणि यंत्र पावलोपावलीं अडत होतें. आम्हीं पुतण्यास हांक मारून सांगितलें, "संध्याकाळपर्यंत हें सगळं साफ करून टाक. हवं-नको बघत बसूं नकोस." हें शेवटचें वाक्य आमच्या तोंडचें होतें, हें आज लिहितांना जड जातें. मुलगा हुशार आणि आज्ञाधारक. त्यानें पाहिलें तों निनांवी फोल्डर सात-आठ, आणि त्यांतील बहुतेक त्याच्याच महाविद्यालयांतील जुन्या कामाचे. त्यानें ते सगळे एकदम निवडले, काढून टाकले, टोपली रिकामी केली, आणि "काका, ४० जीबी जागा झाली!" असें मोठ्या उत्साहानें येऊन सांगितलें. आम्हीं त्याची पाठ थोपटली आणि लागलीच कामास बसलों.

पांच आठवडे कोणास कांहीं कळलें नाहीं. मार्गशीर्षांतील एका संध्याकाळीं, धाकट्या लेकीस आजीची एखादी ओवी ऐकवावी म्हणून वहिनी संगणकापाशीं बसल्या, त्या बराच वेळ उठल्याच नाहींत. शेवटीं त्यांनीं विचारलें, "भाऊजी, इथला तिसरा फोल्डर कुणी हलवला का?"

पुतण्याचा चेहरा उतरला. "आई, मला वाटलं, ते सगळे माझेच आहेत," एवढेंच तो म्हणाला. वहिनी त्याला एका शब्दानेंही बोलल्या नाहींत. बोलावयाचें तर आम्हांस बोलावयाचें होतें. तेंही त्यांनीं बोलून दाखविलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं एका जाणत्या मनुष्याकडे ती डिस्क नेली. त्यानें दोन दिवस खटपट करून ९ ध्वनिमुद्रणें सबंध परत मिळविलीं. आणखी कांहीं निघालीं, परंतु त्यांत आवाजाच्या जागीं नुसती खरखर होती. बेळगांवास आमच्या भगिनी असतात. त्यांच्याकडे वहिनींनीं पूर्वीं चार ध्वनिमुद्रणें पाठविलीं होतीं. त्यांतील एक आधींच हातीं आलें होतें, तीन नव्यानें मिळालीं. म्हणजे २३ पैकीं १२ आज आमच्यापाशीं आहेत. उरलेल्या अकरांत काय होतें याची यादी करण्याचा वहिनींनीं पुष्कळ प्रयत्न केला. परंतु सगळें कोणासच आठवत नाहीं.

पुसलें म्हणजे काय झालें?

कांहीं परत आलीं आणि कांहीं गेलीं, हें कसें, असा प्रश्न आम्हांसही पडला होता. त्याचें उत्तर समजून घेतलें तर पुष्कळ अनर्थ टळतील, म्हणून तें येथें थोडें विस्तारानें देतों.

संगणकाची डिस्क ही एखाद्या मोठ्या ग्रंथालयासारखी असते. आंत कपाटें, आणि दाराशीं एक नोंदवही. कोणतें पुस्तक कोणत्या कपाटाच्या कोणत्या खणांत आहे तें त्या वहींत लिहिलेलें असतें. विंडोज या प्रणालींत या वहीस 'मास्टर फाईल टेबल' असें नांव आहे. आपण एखादी फाईल निवडून 'डिलीट'ची कळ दाबतों तेव्हां पुस्तकाचा नाश होत नाहीं. तें प्रथम 'रिसायकल बिन' नांवाच्या टोपलींत जातें, आणि तें मूळ कोठें होतें व केव्हां टाकलें याची चिठ्ठी त्यासोबत ठेवली जाते. म्हणूनच टोपली उघडून 'रिस्टोअर' म्हटलें कीं फाईल आपल्या जागीं परत येते. टाकलेलें परत मिळावें ही सोय ॲपल कंपनीच्या 'लिसा' संगणकावर १९८३ मध्यें दिसूं लागली, आणि १९९५ मध्यें विंडोज ९५ बरोबर ही रिसायकल बिन सर्वसामान्य घरांत पोंचली. मात्र एक गोष्ट ध्यानांत असावी. टोपलींत पडलेली फाईल पूर्वींइतकीच जागा अडवून बसते. केर टोपलींत टाकल्यानें खोली झाडून होते, घर रिकामें होत नाहीं.

दुसरी पायरी टोपली रिकामी करण्याची. येथेंही, लोक समजतात तसें, आंतील मजकूर खरवडून काढला जात नाहीं. नोंदवहींतील त्या ओळीवर 'ही जागा आतां मोकळी' एवढी खूण होते. पुस्तक आपल्या खणांत तसेंच पडून असतें. फक्त त्याचा ठावठिकाणा सांगणारें कोणी उरत नाहीं. ही रीत फार जुनी. विंडोजपूर्वींच्या डॉस प्रणालींत फाईल काढून टाकली कीं वहींतील तिच्या नांवाचें केवळ पहिलें अक्षर बदलून तेथें एक खूण ठेवली जाई. जणूं 'गोविंद' या नांवांतील 'गो' खोडून नुसतें 'विंद' ठेवावें. १९९१ च्या पांचव्या डॉसमध्यें गेलेली फाईल परत आणण्याची आज्ञा होती; ती प्रथम, या नांवाचें पहिलें अक्षर कोणतें, असें विचारीत असे. ज्याला तें आठवे त्याची फाईल बहुधा परत मिळे.

खरा नाश होतो तो तिसऱ्या पायरीस. नवें पुस्तक येतें, ग्रंथपाल वही पाहतो, खण मोकळा दिसतो, आणि नवें त्या जुन्याच्या जागीं लिहिलें जातें. मग जुनें कोणाच्याही बापास परत आणतां येत नाहीं. आमच्या घरीं टोपली रिकामी झाल्यावर पांच आठवडे तोच संगणक रोज चालत होता. प्रत्येक नवें पत्र, प्रत्येक नवें छायाचित्र त्या मोकळ्या म्हणून नोंदलेल्या खणांत जाऊन बसत होतें. मातोश्रींच्या एखाद्या ओवीची जागा आमच्या कराच्या कागदांनींच घेतली असेल.

यावरून निघणारा नियम सोपा आहे. हवी ती फाईल टोपलींतूनही गेली असें कळतांच त्या संगणकावरचें काम त्याच क्षणीं थांबवावें. परत मिळवून देणारा प्रोग्रामही त्याच डिस्कवर घालूं नये. तो स्वतःच हरवलेल्या वस्तूवर जाऊन बसण्याचा संभव असतो. संगणक बंद करून डिस्क जाणत्याच्या हातीं द्यावी.

अलीकडच्या संगणकांत फिरत्या तबकडीच्या डिस्कऐवजीं 'एसएसडी' असते. तिच्या बाबतींत आशा याहून कमी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, संगणक अशा डिस्कला मोकळ्या झालेल्या जागांची वर्दी 'ट्रिम' नांवाच्या आज्ञेनें देतो, आणि डिस्क त्या जागा आपल्या सवडीनें खरोखरच पुसून ठेवते. वेग वाढतो हें खरें. परंतु पश्चात्तापास मिळणारी मुदत त्या मानानें घटते.

टोपली चुकवून जाणाऱ्या वाटा

टोपली आहे म्हणून निर्धास्त राहणारांस आणखी चार गोष्टी ठाऊक असाव्यात. 'शिफ्ट'ची कळ दाबून धरून 'डिलीट' दाबल्यास फाईल टोपलींत न जातां एकदम जाते. पेनड्राइव्हवरून काढलेली फाईलही साधारणतः टोपलींत येत नाहीं. टोपलीच्या मापांत न मावणारी मोठी फाईल असल्यास संगणक तसें विचारतो. परंतु 'होय' म्हणण्याची हातास इतकी संवय झालेली असते कीं, प्रश्न वाचण्यापूर्वींच उत्तर दिलें जातें. चौथी वाट सर्वांत फसवी. हल्लीं पुष्कळांचे फोल्डर 'वनड्राइव्ह'सारख्या दूरच्या सांठ्याशीं जोडलेले असतात. असा फोल्डर घरच्या संगणकावरून पुसला कीं तो दूरच्या सांठ्यांतूनही जातो, आणि त्याच खात्यानें जोडलेल्या दुसऱ्या गांवच्या संगणकावरूनही जातो. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यावर तो परत मागण्यास ३० दिवसांची मुदत असते. जोडलेला फोल्डर हा आरसा आहे. तो दुसरी प्रत नव्हे.

दुसरी प्रत म्हणजे काय, हें अमेरिकेंतील एका प्रसिद्ध प्रसंगावरून समजेल. १९९८ मध्यें पिक्सार या चित्रपटसंस्थेंत 'टॉय स्टोरी २' चें काम चालू होतें. कोणी तरी चुकीच्या ठिकाणीं सर्व पुसण्याची आज्ञा दिली. ऑरेन जेकब हे तंत्रज्ञ व त्यांचे सहकारी पडद्याकडे पाहत असतां नायकाची टोपी नाहींशी झाली, मग बूट गेले, मग नायकच गेला. धांवाधांव करून यंत्रें बंद केलीं, तोंपर्यंत चित्रपटाचा फार मोठा भाग गेला होता. राखून ठेवलेल्या प्रती होत्या. परंतु त्या कित्येक दिवस नीट उतरतच नव्हत्या, हें तेव्हां कळलें. शेवटीं उपयोगी पडली ती एका आईची प्रत. गॅलिन सुसमन या बाई मूल लहान असल्यामुळें घरून काम करीत, आणि त्यासाठीं चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून कचेरींत आणला, आणि काम पुन्हां उभें राहिलें. चित्रपट १९९९ च्या नोव्हेंबरांत प्रकाशित झाला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, तर आपल्या माजघरांतील एका पेटीची काय कथा! आमच्या घरींही तीन ओव्या वांचल्या त्या बेळगांवच्या प्रतीमुळेंच.

अडगळ कोणाची?

आपल्या समाजास हा धडा नवा नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला. तोंपर्यंत आणि त्यानंतरही किती घराण्यांचीं दप्तरें वाळवीच्या, पाण्याच्या आणि चुलीच्या तोंडीं गेलीं याची गणती नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील रुमाल बांधून राहिले, म्हणून रियासतकार सरदेसाई यांस त्यांतून निवडलेले ४५ भाग १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध करतां आले. घरोघरचे कागद टाकणारे लोक कांहीं वाईट नव्हते. त्यांना मोडी वाचतां येत नव्हती, आणि जें वाचतां येत नाहीं तें निरुपयोगी वाटतें, एवढेंच. निनांवी फाईल ही आजची मोडी आहे. जिनें ती ठेवली तिला तिचा अर्थ ठाऊक असतो. साफसफाई करणाराच्या दृष्टीनें ती केर असते.

म्हणून आमचें पहिलें सांगणें पुसण्याविषयीं नाहींच; तें नांव देण्याविषयीं आहे. फोल्डर तयार करतांच त्यास नांव द्यावें. त्यांत काय, कोणाचें आणि कोणत्या सालचें, या तीन गोष्टी आल्या म्हणजे पुरे. 'आजीच्या ओव्या, वहिनी, अमुक साल' एवढे शब्द लिहिण्यास जेमतेम अर्धें मिनिट लागतें. विंडोजमध्यें हीं नांवें मराठींतही लिहितां येतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं.

दुसरें, कुटुंबांतील प्रत्येकाच्या नांवाचा एकेक फोल्डर असावा, आणि ज्याचा फोल्डर त्यानेंच तो आवरावा. प्रत्येकास निराळें खातें उघडून दिलें तर याहून बरें. सामायिक फोल्डर आवरावयाचा झाल्यास, पानें मांडलेलीं असतां, सर्वजण पंक्तीस असतांना, तसें जाहीर करावें आणि आठ दिवसांची मुदत द्यावी. वृद्ध मंडळी संगणकास हात लावीत नाहींत म्हणून त्यांना विचारण्याचें कारण नाहीं, असें समजूं नये. त्यांच्याच ठेवी बहुधा दुसऱ्याच्या हातानें ठेवलेल्या असतात.

हात कोठें घालावा

आतां प्रत्यक्ष आवराआवर. पुष्कळ मंडळी सुप्रभाताचीं चित्रें एकेक करून पुसत बसतात. त्यांच्या चिकाटीचें कौतुक करावें. परंतु हिशेब पाहतां तें समुद्र उपसण्यासारखें आहे. असें एक चित्र २०० किलोबाइटचें धरलें, तर ५,००० चित्रें पुसलीं तेव्हां कोठें एक गिगाबाइट जागा होते. उलट लग्नाचें ८ गिगाबाइटचें एकच चलच्चित्र दोन ठिकाणीं पडलेलें असलें, तर त्याची जादा प्रत काढतांच ४०,००० चित्रांइतकी जागा एका फटक्यांत मोकळी होते. यासाठीं फोल्डर उघडून आंतील यादी आकारानुसार लावावी आणि वरून खालीं यावें. 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' आणि त्यांतील 'स्टोरेज' उघडल्यास कोणत्या जातीच्या वस्तूंनीं किती जागा व्यापली आहे, याचा आढावा आयताच मिळतो.

त्याच पानावर 'टेंपररी फाइल्स' म्हणून एक यादी असते. संगणकानें आपल्या कामापुरत्या केलेल्या तात्पुरत्या फायली तेथून काढण्यास हरकत नाहीं. मात्र त्या यादींत 'डाउनलोड्स' हें नांवही असतें, आणि घरांतील निम्मीं कामाचीं कागदपत्रें नेमकीं त्याच फोल्डरांत पडून राहिलेलीं असतात. त्यापुढें खूण करण्यापूर्वीं तो फोल्डर स्वतः उघडून पाहावा. विमापत्र, परीक्षेचें प्रवेशपत्र, वीजदेयक, हीं सर्व तेथें सांपडतील.

'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' या दोन फोल्डरांत जागेच्या लोभानें हात घालूं नये. तीं घराचीं खांब-तुळया आहेत. अनोळखी दिसतात म्हणून अडगळ ठरत नाहींत. नको असलेला प्रोग्राम त्याचा फोल्डर पुसून काढावयाचा नसतो. 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्स' या सदरांतून 'अनइन्स्टॉल' म्हणून काढावयाचा असतो. तसेंच पडद्यावरील ज्या चित्राच्या कोपऱ्यांत लहानसा बाण असतो, तें चित्र म्हणजे नुसती दारावरची पाटी. पाटी काढल्यानें बिऱ्हाड हलत नाहीं आणि जागाही होत नाहीं.

नको म्हणून ठरलेल्या वस्तु आम्ही आतां लागलीच टाकीत नाहीं. 'टाकावयाचें' या नांवाचा एक फोल्डर केला आहे. त्यांत त्या एक महिना पडून राहतात. महिन्यांत कोणीं विचारलें नाहीं तर टोपलींत जातात, आणि टोपली आणखी एका महिन्यानें रिकामी होते. विंडोजमधील 'स्टोरेज सेन्स' ही सोय चालू केल्यास टोपलींतील ३० दिवसांपूर्वींच्या फायली ती आपण होऊन काढते. ज्यास विस्मरणाची संवय आहे त्यानें ही मुदत समजून घेऊनच ती चालू करावी.

आणि या सर्वांआधीं प्रत. पीटर क्रोग या छायाचित्रकारानें रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम घरासही लागू पडतो. मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. घराबाहेर म्हणजे परगांवीं दिलेल्या मुलीकडे, असें समजलें तरी चालेल. वर्षांतून एकदां ती प्रत उघडून पाहावी. पिक्सारच्या प्रतींचें काय झालें तें वर आलेंच आहे.

घर सोडून जाणारा संगणक

येथवर नकळत जाणाऱ्या गोष्टींविषयीं झालें. याची दुसरी बाजू म्हणजे, गेली असें वाटूनही न गेलेल्या गोष्टी. विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि त्यामुळें अनेक घरचे जुने संगणक बदलण्याची वेळ आली आहे. जुना संगणक भंगारवाल्यास देतांना लोक फायली पुसतात, टोपली रिकामी करतात आणि निश्चिंत होतात. परंतु वर सांगितलेंच कीं, अशानें फक्त वहींतील नोंद जाते. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेंतील सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनीं १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या, आणि आपले निष्कर्ष २००३ मध्यें प्रसिद्ध केले. त्यांतील १२९ चालूं शकल्या. आणि नीट पुसलेल्या अशा अवघ्या १२ निघाल्या. बाकींच्यांतून ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक, रोग्यांचीं टिपणें आणि खासगी पत्रें हातीं लागलीं.

तेव्हां संगणक घराबाहेर जाण्यापूर्वीं हव्या त्या प्रती काढून घ्याव्यात. नंतर 'रिसेट धिस पीसी' या सोयींतून सर्व काढण्याचा पर्याय घ्यावा, आणि तेथें 'क्लीन डेटा' ही जादा खूण अवश्य करावी. तिनें जुन्या मजकुरावर दुसरें लिहिलें जातें. याला कांहीं तास लागतात, ते लागूं द्यावेत. वेगळी डिस्क असल्यास 'क्विक फॉरमॅट' न करतां पुरें 'फॉरमॅट' करावें. ज्यास हेंही जमत नाहीं त्यानें डिस्क काढून घरींच ठेवावी आणि उरलेला सांगाडा द्यावा. घरच्या बायकामाणसांचीं छायाचित्रें, बँकेचे कागद आणि दुखण्यांचे अहवाल परक्याच्या दुकानांत जाण्यापेक्षां कपाटांतील एक खण अडलेला बरा.

आमच्या संगणकावर आतां 'मातोश्री' नांवाचा एक फोल्डर आहे. त्यांत १२ ध्वनिमुद्रणें आहेत आणि प्रत्येकाचें नांव मराठींत नीट लिहिलेलें आहे. तीं नांवें पुतण्यानें रात्रीं बसून, प्रत्येक ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकून, घातलीं. एक प्रत बेळगांवास आहे, एक वहिनींच्या कपाटांत. यंदा दिवाळीपूर्वीं तो हातांत वही घेऊन घरभर हिंडला, आणि ज्याच्या फोल्डराचें नांव त्याला कळेना त्याच्यापुढें जाऊन, हें काय आहे, हें ठेवूं का, असें विचारीत राहिला. या कामास चार दिवस लागले आणि जागा झाली ती ३१ गिगाबाइट. कराचे कागद आम्हीं त्या चार दिवसांनंतर पाठविले.